बारावं पाकीट

आत्या येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं भिंगरीने जिना चढतानाच ठरवलं होतं. पण काकांच्या टेबलावर डिंकाची बाटली, पंचिंग मशीन आणि ते भलंमोठं खाकी पाकीट दिसलं आणि ती दारातच अडखळली. पाकिटावर पत्तासुद्धा लिहून झाला होता! म्हणजे उद्या सकाळी काका कामावर जाता जाता ते पोस्टात टाकणार, आणि मग संपलंच सगळं.

दर चार महिन्यांनी, रविवारी दुपारी, थोरल्या काकांकडे ही बैठक भरायची. घरात तिला ‘कागद बदलणं’ म्हणायचे. बाबा, आई आणि भिंगरी, तिघांनी मिळून कायम राहण्याच्या परवान्यासाठी एकच अर्ज केला होता, आणि त्याला या आठवड्यात चार वर्षं झाली होती. चार वर्षं! कचेरीकडून हूं नाही की चूं नाही. काकांना त्यांचा परवाना फार पूर्वी, ते इथे एकटे आले तेव्हा, सहा महिन्यांत मिळाला होता, आणि तो का मिळाला हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं.

“कारण माझा एकही कागद शिळा नव्हता,” काका म्हणायचे.

आता यात काकांची चूक म्हणावी तर कशी म्हणणार? माणूस एकतीस वर्षं औषधांच्या गोदामात. काम एकच, खोक्यांवरची मुदत बघायची आणि संपत आलेला माल वेळेत बदलायचा. ते घरी आले तरी डोळे गोदामातच. अर्जाला जोडलेल्या प्रत्येक कागदाच्या प्रतीवर त्यांनी रंगीत टिकली चिकटवली होती. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, मालकाचं पत्र, फोटो, सगळ्यावर टिकली. हिरवी म्हणजे ताजा, पिवळी म्हणजे मुदत जवळ आली. पिवळी दिसली की नवा कागद काढायचा आणि कुणी मागायच्या आत कचेरीला पाठवून द्यायचा. कचेरीने कधी मागितला नव्हता. पण मागायची वेळच का येऊ द्यायची? अशी अकरा पाकिटं गेली होती. आजचं बारावं.

आणि भिंगरीच्या पिशवीत, लिफ्टदुरुस्तीच्या वहीत घडी घालून ठेवलेले तीन कागद होते. शुक्रवारपासून तिने ते चाळीसेक वेळा तरी वाचले असतील. त्यात लिहिलं होतं की फाइलमध्ये नवा कागद आला की फाइल पुन्हा पहिल्या तपासणीच्या रांगेत जाते, अगदी शेवटी. त्या रांगेला पाच महिने लागतात. आणि यांची पाकिटं दर चौथ्या महिन्याला!

“भिंगरे, फोटो आणलेस?” काकांनी चष्म्यावरून बघितलं. “मागच्या वेळी कान दिसत नव्हता.”

“आणलेत.”

“कान?”

“दोन्ही आहेत काका, मोजून घ्या.”

बाबा फिस्सकन हसले. बाबा सोफे-खुर्च्यांवर कापड चढवायचे. रविवारीसुद्धा त्यांच्या बाहीला कापसाचा एखादा पुंजका चिकटलेला असायचाच. मोठ्या भावासमोर ते नेहमी असे कडेला, स्टुलावर बसायचे. आईने थर्मासमधला चहा कपात ओतला. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती, रात्रपाळी करून चार तास झोपून आली होती, पण ‘कागद बदलणं’ तिने एकदाही चुकवलं नव्हतं.

“सह्या,” काका म्हणाले. बाबांनी केली. आईने केली. पेन भिंगरीसमोर आलं.

तिने ते हातात घेतलं. ठेवलं. परत घेतलं.

“चालत नाही का?”

“चालतंय.”

“मग उजाडायची वाट बघतेस का? तुला काळजी आहे की नाही काही? चौदा आठवडे राहिलेत तुझ्या वाढदिवसाला.”

काळजी! भिंगरीला दुसरं काही सुचत नव्हतं महिनोन्‌महिने. एकवीस पूर्ण झाली की ती बाबांच्या अर्जातून गळणार होती. मग स्वतःचा वेगळा अर्ज, तोही देशाबाहेर जाऊन, एकटीने, पहिल्यापासून. सोळाव्या वर्षी आली होती ती इथे. शाळा इथली, काम इथलं, शहरातल्या अर्ध्या लिफ्टी तिला नावाने ओळखतील अशी अवस्था, आणि जायचं कुठे तर जिथे आता आपल्या घराचं दारसुद्धा उरलेलं नाही तिथे.

“काका,” ती म्हणाली, आणि आत्याची वाट बघायचं राहूनच गेलं, “हे पाकीट नका पाठवू.”

“का?”

“मी कचेरीला विचारलं. आपली फाइल कुठे आहे ते.”

काकांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं, सावकाश, गच्च. या घरात ही एकच गोष्ट करायची नाही असं काकांनी बजावून ठेवलं होतं. कचेरीला डिवचायचं नाही. तिथल्या कुणाचं डोकं फिरलं आणि त्याने फाइल खालच्या कप्प्यात टाकली तर कोण निस्तरणार?

“कुणाला विचारून विचारलंस?”

“मला!” दारातून आवाज आला. आत्या. बस डेपोत लावून तशीच गणवेशात आली होती, धापा टाकत. “मला विचारून विचारलं, दादा. कायदा आहे तसा. इथे राहणाऱ्या कुणीही सरकारी कचेरीला माहिती मागावी. माझ्या बसमध्ये रोज एक वकीलबाई असतात, त्यांनी नमुना दिला. उत्तरही माझ्याच पत्त्यावर मागवलं, कारण या बिल्डिंगमध्ये येणारं आपलं टपाल तू उघडतोस.”

“म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्या पाठीमागे...”

“सगळ्यांनी नाही,” बाबा घाईने म्हणाले. “मला काही माहीत नाही, दादा.”

“मला होतं,” आई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे अशी मान वळवली की स्टूल करकरलं. “तुला?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत वर येऊन दादांना सांगितलं असतं. म्हणून नाही सांगितलं, अहो.”

काकांनी हात पुढे केला. “दे.”

भिंगरीने खरं तर वाचून दाखवायचं ठरवलं होतं, हळूहळू, मधले मधले शब्द मऊ करून. पण काकांचा हात तसाच पुढे राहिला आणि तिने कागद दिले. काकांनी पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर तारखांचा तक्ता होता. फाइल कुठल्या तारखेला कुठल्या टेबलावर गेली आणि का, हे सगळं त्यात होतं. काकांनी कपाट उघडलं आणि स्वतःची वही काढली. कुठलं पाकीट कधी टाकलं, ते त्यात लिहिलेलं असायचं. त्यांनी एक बोट वहीवर ठेवलं, एक तक्त्यावर. दोन्ही बोटं सरकायला लागली. त्यांनी चार तारखेला पाकीट टाकलं, तर नऊ तारखेला फाइल परत पहिल्या रांगेत. पुढचं पाकीट दोन तारखेला, फाइल सात तारखेला परत. पुढचं. पुढचं.

अकराव्या ओळीवर बोटं थांबली.

“एकदा चार महिने आणि बावीस दिवस झाले होते,” काका म्हणाले. आवाज इतका बारीक की तो त्यांचा वाटेचना. “आठ दिवस थांबलो असतो तर फाइल पुढे गेली असती.”

आणि मग बाबा उठले. ज्या माणसाने आयुष्यात मोठ्या भावासमोर आवाज चढवला नव्हता, तो उठला आणि म्हणाला, “चार वर्षं, दादा! माझ्या पोरीची चार वर्षं तू गोंद लावून पाकिटात घातलीस! तुला किती वेळा म्हटलं, राहू दे, एवढे कागद कशाला...”

“कधी म्हटलंत?” आईने कप खाली ठेवला. “कधी म्हटलंत हो तुम्ही? मी या टेबलाशी प्रत्येक वेळी होते. पोलिसांच्या दाखल्यासाठी पहाटे रांगेत उभं कोण राहिलं? दादा. डॉक्टरकडे माझ्याबरोबर कोण आलं? दादा. तुम्ही सही करायचात आणि विचारायचात, चहा आहे का.”

“वहिनी बरोबर बोलतेय,” आत्या म्हणाली. “आणि भाऊ, तू खाली बस आधी, डोक्यात जाऊ नकोस. नियम कुठे लिहिलाय ते सांग मला. अर्जावर आहे? दारावर आहे? मी सगळं पालथं घातलं, कुठेही नाही. मग दादाला कळणार कसं, स्वप्नात?”

“तिसरं पान बघा,” भिंगरी म्हणाली. तिचे शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले होते. “मी दोन गोष्टी आणखी विचारल्या होत्या. तो नियम आम्हाला दाखवा आणि अशा किती जणांच्या फायली मागे गेल्या ते सांगा. दोन्ही नाकारल्या. म्हणे अंतर्गत सूचना आहे. म्हणजे बघा ना, आपल्यासारखे किती असतील? नीटनेटकी माणसंच मागे पडतायत सगळी! जी कागद ताजे ठेवतात, काळजी घेतात, तीच! यावर अपील करता येतं. मी लिहून आणलंय. आणि काका, त्यात मी तुमचं काही लिहिलेलं नाही. नुसतं ‘अर्जदारांनी कागद पाठवले’ एवढंच.”

काकांनी वही मिटली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. भिंगरीला वाटलं आता ते आतल्या खोलीत जाणार, दार लावून घेणार, आणि मग महिनाभर या घरात कुणी कुणाशी धड बोलणार नाही. तसं पूर्वी झालं होतं, आजोबा गेले तेव्हा.

“काय लिहिलं नाहीस?” काका म्हणाले.

“तुमचं नाव.”

“का?”

“तुम्हाला... उगाच चारचौघांत...”

“खोटा माल आहे मग तो.” त्यांनी तिचा अपिलाचा कागद ओढला, चष्मा सरळ केला. “कागद मी पाठवले. अकरा वेळा. तारखा माझ्याकडे आहेत, त्यांच्या तक्त्याशी जुळतात. यापेक्षा पक्का पुरावा कुठला असतो? माझं नाव वर लिही. मोठ्या अक्षरात. आणि वही जोड.”

“दादा,” बाबा म्हणाले, “मी रागाच्या भरात...”

“राग बरोबर होता तुझा. आता बस. आणि ते पाकीट कपाटात टाक, माझ्या हाताला लागणार नाही असं.”

सुनावणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली, तीही आत्याच्या वकीलबाईंनी अपिलावर ‘मुलीचं वय’ असं लाल शाईने लिहायला लावलं म्हणून. ते सहा आठवडे काकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. आईच्या डॉक्टरी दाखल्याची मुदत त्यात संपली. त्या दिवशी काका खाली आले, दारात उभे राहिले, “संपली आज,” एवढंच म्हणाले आणि वर गेले. पण पाकिटाला हात लावला नाही.

सुनावणीची खोली अगदीच साधी होती. लांब टेबल, मागे बाकं, एक पंखा. बाकांवर वीसपंचवीस माणसं होती. कुणी आपल्या नंबराची वाट बघत होतं, कुणी नुसतंच ऐकायला आलेलं. सुनावणी घेणाऱ्या बाई वयाने आत्याएवढ्या, केस आखूड, समोर पाण्याचा ग्लास. कचेरीकडून एक टायवाला आला होता.

“अर्जदारांनी वारंवार कागदपत्रं सादर केल्यामुळे विलंब झालेला आहे,” टायवाल्याने वाचलं. “त्यामुळे कचेरी जबाबदार नाही. आणि सूचना अंतर्गत असल्याने ती देणं बंधनकारक नाही.”

भिंगरीने उभं राहून बोलायला तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं! एक शब्द आठवेना. इतक्यात शेजारची खुर्ची मागे सरकली.

“बाई, मी बोलू का?” काका.

“आपण अर्जदार?”

“नाही. अर्जदार माझा भाऊ. मी तो ‘वारंवार’.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाईंनीही ग्लास तोंडाला लावला, बहुतेक हसू लपवायला.

“बोला.”

“मी औषधांच्या गोदामात काम करतो. आमच्याकडेसुद्धा आतले नियम असतात. खोकं कुठल्या फळीवर ठेवायचं, कुणी उचलायचं. ते बाहेर कुणाला सांगायची गरज नाही. पण ज्या नियमाने पेशंटला औषध उशिरा मिळणार असेल, तो नियम पेशंटला सांगावाच लागतो. नाही सांगितला तर तो नियम नव्हे, तो खड्डा. मी या खड्ड्यात अकरा वेळा पडलो. माझी चूक मी लिहून दिलीय, तारखांसकट. मला माफी नको. मला तो कागद दारावर लावलेला हवाय.”

बाई टायवाल्याकडे वळल्या. “ही सूचना लोकांना कुठे वाचता येते?”

“ती लोकांसाठी नाही.”

“लागू कुणाला होते?”

टायवाल्याने फाइलचं पान उलटलं. मग उलटं उलटलं. “लोकांना,” तो म्हणाला.

भिंगरीला तेव्हा बोलता आलं. पाठ केलेलं गेलं ते गेलंच, पण लिफ्ट अडकली की ती पहिल्यांदा जे विचारते तेच तिने विचारलं, की नेमकं कुठे अडकलंय. “आमची फाइल पहिल्या तारखेनेच धरली असती, तर आज कुठे असती? आणि आमच्यासारख्या किती आहेत?”

“सांगा,” बाई म्हणाल्या.

टायवाल्याने लॅपटॉप उघडला. “त्या महिन्यातल्या अर्जांचे निर्णय... दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेत.” आईने भिंगरीचं मनगट पकडलं. “आणि नव्या कागदामुळे मागे गेलेल्या फायली, सध्या, सहा हजार एकशे बारा.”

मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने “आई गं!” म्हटलं. कुणी दटावलं नाही.

बाईंनी पेन उचललं. सूचना दहा दिवसांत दारावर आणि वेबसाइटवर. सहा हजार एकशे बारा अर्जदारांना पत्र, प्रत्येकाला फाइल कुठे आहे त्यासकट. मग त्या भिंगरीकडे बघून म्हणाल्या, “परवाना द्यायचा की नाही, ते माझ्या हातात नाही. ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण निर्णय कधी, हे त्यांना सांगायला लावणं माझ्या हातात आहे. तारीख द्या.”

टायवाला फोन घेऊन बाहेर गेला. काचेच्या दारातून तो मान हलवताना दिसत होता, एकदा नाही, बऱ्याचदा. बाबांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, कधी ठेवला कुणास ठाऊक. टायवाला आत आला.

“मूळ तारखेने धरू. तीस दिवसांच्या आत.”

“नोंद करा,” बाई म्हणाल्या. “पुढचं प्रकरण.”

तीस दिवस! भिंगरीच्या वाढदिवसाला छप्पन्न होते. तिने बोटांवर मोजलं, मग आत्याने मोजलं, मग दोघींनी मिळून मोजलं, तरी सव्वीस दिवस उरतच होते. आई रडायला लागली आणि रडता रडता बाबांना म्हणाली, “आता चहा विचारा, आता चालेल.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये आले तर मागच्या बाकावरची माणसं यांच्या मागोमाग बाहेर. एक उंच बाई, कडेवर बाळ. एक म्हातारे गृहस्थ, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी धरलेले, आणि पिशवीत काय ते सांगायला नकोच. एक जोडपं. ती सगळी काकांभोवती जमली, कारण बोलले ते काका.

“तुम्ही हे काढलंत कसं?” म्हाताऱ्यांनी विचारलं. “आमची सहा वर्षं झाली. कुणाला विचारायची छातीच होत नाही.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या पिशवीकडे.

“मी नाही काढलं,” ते म्हणाले. “मी तर विचारू नका म्हणत होतो. घरात सगळ्यांना गप्प बसवलं होतं मी.” त्यांनी भिंगरीच्या खांद्याला धरून तिला पुढे ओढलं, अगदी माणसांच्या मधोमध, ती “काका, अहो काका” म्हणतेय तरी. “ही माझी पुतणी. लिफ्ट दुरुस्त करते. वीस वर्षांची आहे. अर्ज हिने लिहिला, प्रश्न हिने विचारला, त्यांच्याकडून उत्तर हिने काढलं. काय विचारायचं ते हिला विचारा.”

भिंगरीचे कान तापले. आत्याने पिशवीतून कोरे कागद काढून तिच्या हातात कोंबले. बाबा कुठूनतरी खुर्ची उचलून घेऊन आले, तिच्या मागे ठेवली, हाताने दाबून बघितली, आणि बाजूला उभे राहिले.

म्हातारे गृहस्थ पुढे झाले. “बेटा, सुरुवात कशी करायची?”

भिंगरी बसली. पेन उघडलं.

“नाव सांगा,” ती म्हणाली. “आणि अर्जाची पहिली तारीख.”